एच. पायलोरी: जठरातला दाह शरीर आवरतं कसा, आणि पुरता विझवत का नाही?

अनुस्वार

एच. पायलोरी हा जंतू जठरात शिरतो तो बहुधा लहानपणी, आणि औषध दिलं नाही तर जन्मभर ठाण मांडून बसतो. जगातल्या जवळपास निम्म्या लोकांत तो सापडतो असं पुस्तकं सांगतात. यातल्या प्रत्येकाच्या जठरात कमीजास्त दाह असतोच. तरी व्रण होतो तो दहातल्या एखाद-दुसऱ्याला आणि जठराचा कर्करोग शंभरात एक ते तीन जणांना.

इथेच माझं गाडं अडतं. घशाला संसर्ग झाला की आठवड्याभरात दाह जंतूचा निकाल लावतो आणि स्वतःही ओसरतो. जठरातला दाह मात्र चाळीस-चाळीस वर्षं धुमसतो. जंतू हटत नाही आणि बहुतेकांच्या जठराला भोकही पडत नाही. म्हणजे कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसलंय. तर प्रश्न असे:

१. हा ब्रेक कोण लावतं, शरीर की जंतू?
२. बायोप्सीच्या अहवालात 'क्रॉनिक अ‍ॅक्टिव्ह गॅस्ट्रायटिस' असं लिहितात. जुनाट आणि सक्रिय हे एकाच वेळी कसं काय?
३. दाहच नुकसान करतोय तर दाहशामक गोळी देऊन का भागत नाही?

'हे खा, ते खाऊ नका' छापाची उत्तरं नकोत, यंत्रणा समजून घ्यायची आहे.

पेशीपुराण

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'दाह' म्हटलं की आपल्याला जळजळ आठवते. इथे तो अर्थ नाही. अस्तराखाली पांढऱ्या पेशी गोळा होणं, त्यांनी रसायनं सोडणं, ऊतीला इजा होणं आणि ती सांधली जाणं या सगळ्या घडामोडीला दाह म्हणायचं. जळजळीशिवाय दाह असू शकतो (एच. पायलोरीवाल्या बहुतेकांत तसंच असतं) आणि दाहाशिवाय जळजळही होते.

आता आग लागते कुठे ते पाहू. जठराच्या पोकळीत आम्लता पीएच १ ते २ असते, पण अस्तराला चिकटून श्लेष्म्याचा थर असतो आणि त्याच्या तळाशी पीएच ६-७ पर्यंत चढतो. जंतूला तिथे पोचायचं असतं. त्याच्याकडे युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते युरियापासून अमोनिया बनवतं, अमोनियाने भोवतालचं आम्ल उदासीन होतं, आणि आम्ल उतरलं की श्लेष्मा घट्ट जेलीसारखा न राहता पातळ होतो. मग शेपट्या हलवत हा मळसूत्री जंतू आत शिरतो. बहुतेक जंतू श्लेष्म्यातच पोहत राहतात, थोडे पेशींना चिकटतात. प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने ही जागा अवघड आहे. रक्तातून आलेल्या पेशी अस्तराच्या अलीकडे आणि जंतू पलीकडे, आम्लाच्या बाजूला. अँटिबॉडी तयार होतात, श्लेष्म्यात आयजीए ही अँटिबॉडी उतरतेही, पण त्याने जंतू हटत नाही.

गजर कोण वाजवतं? ई. कोलायसारख्या जंतूचं आवरण टीएलआर-४ हा आपल्या पेशींवरचा रिसेप्टर लगेच ओळखतो. एच. पायलोरीने तिथे हातचलाखी केली आहे. त्याच्या आवरणातल्या लिपिड-ए या रेणूला मेदाम्लाच्या सहाऐवजी चारच साखळ्या असतात आणि नेहमीचे फॉस्फेट गट छाटलेले असतात. त्यामुळे टीएलआर-४ जेमतेम हलतो. शेपटीतल्या प्रथिनाचा जो तुकडा टीएलआर-५ ओळखतो तोही बदललेला आहे. म्हणजे पुढच्या दारावरची घंटा वाजतच नाही.

घंटा वाजते ती मागच्या दाराने. ज्या जंतूंमध्ये कॅग नावाचा सुमारे ४० हजार अक्षरांचा जनुकपट्टा असतो, ते पेशीत सुईसारखी नळी खुपसतात. तिच्यातून कॅग-ए हे प्रथिन आत जातं. सोबत जंतूच्या भिंतीचे तुकडे आणि एडीपी-हेप्टोज नावाची शर्कराही जाते. तुकडे पेशीतल्या नॉड-१ या पहारेकऱ्याला सापडतात, शर्करा एएलपीके-१ ला. दोघंही शेवटी एकच कळ दाबतात, एनएफ-कप्पा-बी. ती दाबली की अस्तराची पेशी इंटरल्युकिन-८ (आयएल-८) हे रसायन सोडते आणि न्यूट्रोफिल या लढाऊ पांढऱ्या पेशी धावत येतात. कॅग नसलेल्या वाणाने दाह कमी होतो त्याचं कारण हेच.

ब्रेक एक नाही, एकावर एक आहेत, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा.

सर्वांत जलद ब्रेक त्याच पेशीत. एनएफ-कप्पा-बी जी जनुकं चालू करतो त्यांत स्वतःच्याच लगामाचं, म्हणजे आयकप्पा-बी-अल्फाचं जनुक असतं. तास-दीड तासात नवा लगाम तयार होऊन कळ परत वर येते. दुसरं प्रथिन ए-२०. निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या लागलेल्या असतात, त्या ते तोडून टाकतं. पण जंतू तिथेच असल्यामुळे कळ पुन्हा दाबली जाते. एक ठिणगी विझते, दुसरी पडते, असं चालू राहतं.

पुढचा ब्रेक ऊतीच्या पातळीवर. न्यूट्रोफिल ऊतीत आला की तास ते एखाद-दोन दिवसांचा पाहुणा. तो नीटपणे मेला आणि मॅक्रोफेजने (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशीने) त्याला वेळेत गिळलं, तर तो मॅक्रोफेज आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा सोडतो, म्हणजे 'पुरे आता' हा निरोप. वेळेत गिळलं नाही तर न्यूट्रोफिल फुटतो आणि त्यातली विकरं ऊतीवर सांडतात. त्याच वेळी कॉक्स-२ विकर प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवत असतं. त्याने श्लेष्मा आणि बायकार्बोनेट वाढतं, रक्तपुरवठा टिकतो, पेशी लवकर नव्या येतात. अस्तराच्या वरच्या पेशी तशाही काही दिवसांत बदलल्या जातात. दाहात हा वेग आणखी वाढतो.

सर्वांत संथ आणि सर्वांत वजनदार ब्रेक म्हणजे नियामक टी पेशी, टी-रेग. संसर्ग झाल्यावर टीएच-१ आणि टीएच-१७ या हल्लेखोर टी पेशी तयार होतात. एक गॅमा इंटरफेरॉन सोडते, दुसरी आयएल-१७. त्यांच्यासोबतच अस्तराखाली टी-रेग जमतात आणि त्यांना आयएल-१० व टीजीएफ-बीटाने धरून ठेवतात. अस्तराच्या पेशीही पीडी-एल१ हा रेणू अंगावर चढवून टी पेशींना थोपवतात.

पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर उंदरांकडे आहे. आयएल-१० बनवता न येणाऱ्या उंदरांना हा संसर्ग दिला तर दाह भडकतो, आणि जंतू कमी होतात किंवा नाहीसे होतात! टी-रेग काढून टाकले तरी तेच: दाह वर, जंतू खाली. म्हणजे जठर वाचवणारा ब्रेकच जंतूलाही वाचवतो. जंतू हे ओळखून असल्यासारखा त्याच पेडलवर स्वतःचाही पाय ठेवतो. त्याचं व्हॅक-ए हे विष टी पेशींची वाढ रोखतं. गामा-ग्लुटामिल ट्रान्सपेप्टिडेज हे विकर डेंड्रिटिक पेशींना (टी पेशींना शत्रू दाखवून देणाऱ्या पेशींना) अशी वळणं लावतं की त्या हल्लेखोरांऐवजी टी-रेग घडवतात. तेव्हा शरीर की जंतू? दोघंही.

पेशीपुराण

वरच्यात एक राहिलं, आणि ते मला सगळ्यात गमतीचं वाटतं, म्हणून वेगळं लिहितो. आर्जिनिन या अमिनो आम्लावरून चालणारी रस्सीखेच.

मॅक्रोफेजला जंतू मारायला नायट्रिक ऑक्साइड हवं. ते आयनॉस हे विकर आर्जिनिनपासून बनवतं. जंतूकडे स्वतःचं आर्जिनेज आहे, ते आर्जिनिन आधीच फस्त करून त्याचा युरिया करतं. युरियाचं पुढे काय होतं ते वर आलंच आहे: अमोनिया, म्हणजे जंतूची ढाल. शत्रूचा दारूगोळा पळवून त्याचीच तटबंदी बांधायची, असा प्रकार.

इतक्यावर भागत नाही. मॅक्रोफेजमध्येही आर्जिनेज-२ वाढतं. त्यातून ऑर्निथिन, ऑर्निथिनपासून पॉलिअमिन, आणि शेवटी स्पर्मिन. स्पर्मिन आयनॉसचं प्रथिन तयार होण्यातच खोडा घालतं. हा शरीराचाच ब्रेक. नायट्रिक ऑक्साइड बेसुमार झालं तर ऊतीचंच वाटोळं होईल. पण ब्रेकलाही किंमत आहे. स्पर्मिनचं विघटन करणारं स्पर्मिन ऑक्सिडेज हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं, आणि ते अस्तराच्या पेशींच्या डीएनएला डागण्या देतं. चाळीस वर्षं अशा डागण्या बसत राहिल्या तर कर्करोग कुठून येतो याचा एक धागा हाती लागतो.

सरळरेषा

माहितीपूर्ण चर्चा, वाचनखूण साठवली. एक सोपी युक्ती सुचवतो: जठरात दाह आहे की नाही हे पाहायला रक्तातलं सीआरपी (दाहात वाढणारं प्रथिन) पुरेसं नाही का? ते नॉर्मल असेल तर दाह आटोक्यात आहे असं समजायचं.

काचपट्टी

@सरळरेषा, नाही, तसं समजू नका. सीआरपी यकृत बनवतं, तेही रक्तात आयएल-६ पुरेसं पोचल्यावर. एच. पायलोरीचा दाह जठराच्या पातळ अस्तरापुरता असतो. अस्तर न्यूट्रोफिलांनी गच्च भरलेलं असतानाही सीआरपी अगदी सामान्य येऊ शकतं. मलातलं कॅलप्रोटेक्टिन मुख्यतः आतड्याच्या दाहासाठी, तेही इथे कामाचं नाही. रक्तातून जठराबद्दल काही कळायचंच तर पेप्सिनोजेनमधून (पचनाच्या पेप्सिन विकराचं कच्चं रूप) कळतं. दाहात पेप्सिनोजेन-२ वाढतं. वरच्या भागातल्या ग्रंथी झिजू लागल्या की पेप्सिनोजेन-१ आणि त्या दोघांचं गुणोत्तर घसरतं. जपानमध्ये रूढ झालेला उंबरठा असा: पेप्सिनोजेन-१ मिलिलिटरला ७० नॅनोग्रॅम किंवा कमी, आणि सोबत गुणोत्तर ३ किंवा कमी. पण हे झीज सांगतं, आजचा दाह सांगत नाही.

आता अनुस्वार यांचा दुसरा प्रश्न. 'क्रॉनिक' आणि 'अ‍ॅक्टिव्ह' हे काळाचे शब्द वाटतात, पण स्लाइडवर ते पेशींचे शब्द आहेत. क्रॉनिक म्हणजे लिम्फोसाइट (लसिकापेशी) आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा जमाव. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे न्यूट्रोफिल, आणि तेही ग्रंथींच्या मानेच्या भागातल्या अस्तरात घुसलेले. एच. पायलोरीत दोन्ही एकत्र दिसतात कारण आग लावणारा अजून घरातच आहे. मागे जुना बंदोबस्त बसलेला, पुढे रोज नवे शिपाई. 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं आणि जंतू दिसले नाहीत तर जंतू चुकले असावेत हीच पहिली शंका घ्यायची. वेगळा रंग देऊन, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडी वापरून जंतू रंगवणं) करून पुन्हा पाहायचं.

चुकतात ते बहुतेक वेळा नमुन्यामुळे. सिडनी पद्धतीत पाच तुकडे घेतात: दोन अँट्रममधून (जठराचा खालचा, आतड्याकडचा भाग), दोन कॉर्पसमधून (वरचा मोठा भाग) आणि एक दोन्हींमधल्या कोनातून. आम्लरोधक गोळ्या (जठराला आम्ल बनवू न देणाऱ्या, ओमेप्रॅझोलसारख्या; साधं अँटासिड नव्हे) चालू असतील तर जंतू अँट्रममधून विरळ होतात आणि वर कॉर्पसकडे सरकतात. अशा वेळी फक्त अँट्रमचा तुकडा घेतला की अहवाल 'जंतू नाहीत' येतो आणि सगळे निश्चिंत होतात. व्रणातून रक्त वाहत असतानाही युरिएजची जलद चाचणी खोटं नकारार्थी उत्तर देते.

दाह कुठे आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मुख्यतः अँट्रममध्ये असेल तर तिथल्या डी पेशींचं सोमॅटोस्टॅटिन घटतं. आम्ल बनवायला सांगणाऱ्या गॅस्ट्रिनला आवर घालणारं कुणी उरत नाही, आणि वरचा धडधाकट भाग जास्त आम्ल बनवतो. परिणाम ग्रहणीचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा व्रण. कॉर्पसमध्ये असेल तर आयएल-१-बीटा आम्ल बनवणाऱ्या पेशींना गप्प करतं, आम्ल घटतं, ग्रंथी झिजतात, मग आतड्यासारख्या पेशी उगवतात म्हणजे मेटाप्लेजिया, मग डिसप्लेजिया म्हणजे पेशींची ठेवण बिघडणं, आणि काहींत कर्करोग. आयएल-१-बीटा जास्त बनवणारी जनुकीय ठेवण ज्यांच्यात आहे त्यांना आम्ल घटण्याचा आणि जठराच्या कर्करोगाचा धोका जास्त, हे २००० साली पुढे आलं. जंतू तोच, ब्रेकची घट्टाई वेगळी.

अहवालात 'लिम्फॉइड फॉलिकल' हा शब्द दिसला तर तोही महत्त्वाचा. निरोगी जठरात लसिकापेशींच्या अशा बांधीव गाठी नसतातच. त्या दिसल्या म्हणजे एच. पायलोरी आहे किंवा अलीकडेपर्यंत होता असं धरून चालायला हरकत नाही.

अनुस्वार

@पेशीपुराण, @काचपट्टी, फार छान. 'पेशींचे शब्द' हे कुणी सांगितलंच नव्हतं.

तिसरा प्रश्न अजून उरलाय. उलट आता तो जास्त बोचतोय: आग विझवणारी औषधं असताना ती इथे चालत का नाहीत?

मात्रा

तुम्ही ज्यांना दाहशामक म्हणताय त्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन वगैरे गोळ्या कॉक्स विकरं बंद करतात. पेशीपुराण यांनी लिहिलेलं प्रोस्टाग्लँडिन ई-२ आठवा. सांध्यात ते दुखणं वाढवतं, जठरात तेच अस्तर राखतं. गोळीने आग विझत नाही, कारण एनएफ-कप्पा-बी, आयएल-८, न्यूट्रोफिल हे सगळं चालूच राहतं. विझतो तो बंब. म्हणूनच एच. पायलोरी आणि या गोळ्या एकत्र आल्या की व्रणाचा धोका कुठल्याही एकाच्या धोक्यापेक्षा बराच वाढतो. ज्यांना अशा गोळ्या दीर्घकाळ घ्यायच्या आहेत त्यांची जंतूची तपासणी गोळ्या सुरू करण्यापूर्वी करणं शहाणपणाचं. फक्त कॉक्स-२ रोखणाऱ्या गोळ्या थोड्या सौम्य, पण चालू व्रणात त्याही नकोत, कारण व्रण भरून काढणारं प्रोस्टाग्लँडिन मुख्यतः कॉक्स-२ मधूनच येतं.

स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी दबतील, जंतू मोकळा राहील. आम्लरोधक गोळ्यांनी व्रण भरतो आणि बरंही वाटतं, पण दाह जात नाही. जंतू वर सरकल्यामुळे कॉर्पसमधला दाह उलट वाढू शकतो. नुसत्या आम्लरोधकावर वर्षानुवर्षं काढण्यापूर्वी जंतूचा निकाल लावावा तो याचसाठी.

थोडक्यात, या दाहाचं दाहशामक औषध म्हणजे अँटिबायोटिक. सध्या पहिली पसंती असते ती चौपदरी बिस्मथ उपचाराला, १४ दिवस:

आम्लरोधक दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास. बिस्मथ चार वेळा. टेट्रासायक्लिन ५०० मिलिग्रॅम चार वेळा. मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम तीन ते चार वेळा.

हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं आहे, इथे वाचून स्वतः सुरू करायचं नाही. आठ वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रियांना टेट्रासायक्लिन चालत नाही.

यात चुकतं कुठे ते सांगतो. टेट्रासायक्लिन दूध, कॅल्शियम, लोह किंवा अँटासिडसोबत घेतलं की धातूंना चिकटून बसतं आणि शोषलं जात नाही. 'मिळत नाही म्हणून' त्याजागी डॉक्सिसायक्लिन दिलं तर यश घटतं. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी माणूस गोळ्या सोडतो. या काळात दारू पूर्ण बंद. बिस्मथने शौच आणि जीभ काळी पडते. ते निरुपद्रवी आहे, पण आधी सांगितलं नसेल तर रक्त पडतंय या भीतीने औषध थांबतं. पूर्वीचा तिपदरी उपचार, म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिन घातलेला, डोळे मिटून द्यायचे दिवस गेले. जंतू त्याला निर्ढावलेला नाही हे माहीत असेल तरच तो द्यावा. पूर्वी कुठल्याही कारणाने या गटातलं अँटिबायोटिक घेतलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि आम्लरोधक कशाला, असं विचारलं जातं. आम्ल उतरलं की जंतू विभाजन सुरू करतो, आणि अमॉक्सिसिलिनसारखी औषधं विभागणाऱ्या जंतूलाच मारतात. पीएच कमी असताना तो नुसता तग धरून बसतो.

काचपट्टी

+१. पुढची तपासणी लोक घाईने करतात, म्हणून भर घालतो.

जंतू गेला की नाही हे पाहायला औषध संपल्यावर किमान ४ आठवडे थांबायचं. तपासणीआधी ४ आठवडे अँटिबायोटिक आणि बिस्मथ नको, २ आठवडे आम्लरोधक नको. तोवर जळजळ झाली तर साधं अँटासिड चालतं. (रक्तस्राव झालेल्यांनी आम्लरोधक स्वतःहून बंद करू नये.) घाई केली तर जंतू मेलेले नसतात, नुसते दबलेले असतात आणि चाचणी खोटं 'नाही' सांगते.

श्वासाची चाचणी अशी: उपाशीपोटी पहिला श्वास पिशवीत भरायचा. मग कार्बन-१३ असलेला ७५ मिलिग्रॅम युरिया पाण्यातून, बऱ्याच ठिकाणी सायट्रिक आम्लासोबत, प्यायचा. शांत बसून ३० मिनिटांनी दुसरी पिशवी. जंतू असेल तर त्याचं युरिएज युरिया फोडतं आणि तो खुणेचा कार्बन श्वासातून कार्बन डायऑक्साइड म्हणून बाहेर येतो. दुसरी पिशवी पाच-दहा मिनिटांतच भरली तर तोंडातल्या जंतूंचं युरिएज मोजलं जातं आणि खोटं 'आहे' येतं. मलातल्या अँटिजेनची चाचणीही तितकीच चालते. रक्तातल्या अँटिबॉडीची चाचणी यासाठी नको. जंतू गेल्यावरही अँटिबॉडी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं रेंगाळतात.

ऊतीत काय दिसतं? न्यूट्रोफिल काही आठवड्यांत गायब. 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द अहवालातून जातो. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी मात्र रमतगमत जातात, वर्ष-दोन वर्षंही लागतात. तेवढ्यात पुन्हा एंडोस्कोपी झाली आणि 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस' लिहून आलं तर उपचार फसला असं धरू नका, त्यातून जंतूचं काही सिद्ध होत नाही. झीज काही जणांत भरून येते. मेटाप्लेजिया सहसा मागे जात नाही. ती पसरलेली असेल तर ठरावीक काळाने एंडोस्कोपी करत राहावी लागते.

शंकेखोर

एवढं वाचून मनात आलं ते विचारतो. टी-रेग इतके गुणी आहेत, बहुतेकांना त्रासही नाही, तर जंतूला राहू द्यायला काय हरकत? लहानपणी हा जंतू असलेल्यांत दमा कमी आढळतो असंही वाचलंय. आणि उलट बाजूने: ब्रेक काढून शरीरालाच जंतू संपवू दिला तर?

पेशीपुराण

@शंकेखोर, दमा आणि जंतूचं व्यस्त नातं काही पाहण्यांत दिसतं, सगळ्यांत नाही. उंदरांत मात्र चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जन्मल्यानंतर लगेच संसर्ग दिला तर टी-रेग भरपूर तयार होतात, जठराचा दाह नगण्य राहतो आणि श्वासनलिकेची अ‍ॅलर्जीही दबते. तोच जंतू वाढलेल्या उंदराला दिला की जठरदाह जोरदार. माणसातही संसर्ग झालेल्या मुलांच्या जठरात मोठ्यांपेक्षा टी-रेग जास्त आणि दाह कमी सापडतो. पण मूल मोठं होतं. चाळिशी-पन्नाशीत हा तोल कुणात कुठे कलेल हे आधी सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने १९९४ साली या जंतूला पहिल्या गटातला, म्हणजे सिद्ध झालेला कर्करोगकारक ठरवलं. मोठ्या माणसात सापडला की घालवावा, हे मत मला पटतं. लहान मुलांत लक्षणं नसताना उगाच शोधत बसू नये, हेही पटतं.

ब्रेक काढायचं म्हणाल, तर तो रस्ता चाचपून झालाय. उंदरांना लस देऊन संसर्ग दिला की जंतू घटतात, पण ते घटण्याच्या काळात जठरात दाहाची लाट येते. जंतू जातो तो टीएच-१, टीएच-१७ आणि न्यूट्रोफिल यांच्या जोरावर, फुकट जात नाही. तरी लस अशक्य नाही. २०१५ साली चीनमधल्या ६ ते १५ वर्षांच्या मुलांवरच्या चाचणीत तोंडावाटे दिलेल्या लसीने पहिल्या वर्षात सुमारे ७२ टक्के संरक्षण दिलं. नंतर ते ओसरत गेलं. आणि ती मुलं आधी संसर्ग नसलेली होती. बस्तान बसलेल्या जंतूला उठवणं वेगळं.

ब्रेक निकामी झाला तर काय होतं याचं आणखी एक उदाहरण काचपट्टींच्या 'फॉलिकल'शी जुळतं. एनएलआरसी-५ नावाचं प्रथिन मॅक्रोफेजमध्ये असतं. ज्या उंदरांच्या मॅक्रोफेजमधून ते काढून टाकलं, त्यांना एच. पायलोरीचा भाऊबंद एच. फेलिस दिल्यावर जठरात लसिकापेशींच्या गाठी लवकर आणि जास्त उगवल्या. कारण मॅक्रोफेज बाफ हा रेणू जादा सोडू लागले, आणि बाफ म्हणजे बी पेशींचा (अँटिबॉडीच्या बाजूच्या लसिकापेशींचा) खुराक. अशा गाठींतल्या बी पेशी वर्षानुवर्षं जंतूच्या चिथावणीवर वाढत राहिल्या तर क्वचित माल्ट लिम्फोमा हा लसिकापेशींचा कर्करोग होतो. जठरापुरत्या आणि सुरुवातीच्या अवस्थेतल्या अशा लिम्फोमांपैकी सुमारे तीन चतुर्थांश नुसता जंतू घालवल्यावर विरून जातात, केमोथेरपी न देता! ११ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असेल तर मात्र सहसा विरत नाहीत. त्या बी पेशींना आता जंतूच्या चिथावणीची गरज उरलेली नसते.

अवांतर: दाह जंतूला नेहमी नकोसाच असतो असंही नाही. दाह झाला की अस्तराच्या पेशींवर सायलिल-लुईस-एक्स ही शर्करा वाढते, आणि जंतूच्या साब-ए या चिकट प्रथिनाला नेमकी तीच हवी असते. थोडी आग त्याला परवडते, वणवा परवडत नाही.

अनुस्वार

तिन्ही प्रश्न सुटले. एक शेवटचं, @मात्रा: संधिवातासाठी आधीच गोळ्या चालू असलेल्याला जंतू सापडला तर गोळ्या बंद करून उपचार करायचा का?

मात्रा

व्रण नसेल तर १४ दिवसांचा उपचार गोळ्या चालू ठेवूनही करता येतो, आम्लरोधक सोबत असतोच. व्रण असेल तर गोळी थांबवून दुसरं वेदनाशामक द्यायचं, व्रण भरेपर्यंत. पण हृदयासाठीचं कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन त्यात मोजू नका. ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायचं नाही. आणि जंतू गेला तरी या गोळ्यांचा स्वतःचा धोका उरतोच. वय ६५ च्या वर असेल किंवा पूर्वी व्रण झाला असेल तर गोळी चालू असेपर्यंत आम्लरोधकही चालू ठेवावा लागतो.